जावयाची तिसरी बुडी

काकांना पाठीमागे सगळे शंकासुर म्हणत, आणि हे काकांना ठाऊक होतं. कोण म्हणतं, कधीपासून म्हणतं आणि कोण नुसतं हसून साथ देतं, हेही त्यांनी काढून ठेवलं होतं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. काका ताक फुंकून झाल्यावर पेला कोणी विसळला याची चौकशी करत.

धंदाच तसा होता. बंदरातल्या एका छोट्या कंपनीच्या बोटीवर ते पाणबुड्यांचे सुपरवायझर होते. पाण्याखाली कोण जाणार, किती खोल, किती वेळ, वर कसा येणार आणि किती विसावा घेऊन पुन्हा खाली उतरणार हे ठरवायचं, आणि ठरल्याप्रमाणे होतंय का ते कठड्याला रेलून पाहायचं. तरुणपणी ते स्वतः बुड्या मारत. डाव्या कानाचा पडदा गेला, डॉक्टरांनी पाणी बंद केलं, आणि तेव्हापासून खालचं सगळं त्यांना वर येणाऱ्या बुडबुड्यांवरून ओळखावं लागे. न दिसणाऱ्या माणसावर नजर ठेवायची म्हटल्यावर संशय आलाच.

नव्या माणसाला ते एकदाच समजावून सांगत. खोल पाण्यात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो. तो पाहुण्यासारखा आहे. सावकाश निरोप देऊन दारापर्यंत पोचवला तर गुपचूप जातो. घाईने हाकलला, म्हणजे भरकन वर आलात, तर अंगात बुडबुडे होऊन सांधे धरतो, कधी पाय, कधी कायमचा. वर आल्यावरही सगळे पाहुणे लगेच जात नाहीत. म्हणून एका दिवसात दोनतीनदा खोल जायचं तर सगळ्यांत खोल बुडी पहिली, मग त्याहून उथळ, मग त्याहून. मध्ये भरपूर विसावा. वर येताना उथळावर थांबा घ्यायचाच. आणि पहिल्या बुडीची शिल्लक दुसरीच्या डोक्यावर बसते, दोन्हींची तिसरीच्या. जमाखर्चात मागची बाकी पुढे ओढतात, तशी.

ही बाकी ठेवायला प्रत्येकाच्या मनगटावर एक छोटा कॉम्प्युटर असे. बोटीवर त्याला घड्याळच म्हणत. किती खोल गेलात, किती वेळ होतात, अजून किती वेळ राहता येईल, सगळं ते सांगे आणि वेळ संपत आली की किंचाळे. माणूस वर आला की काका "कसा आहेस?" असं विचारतच नसत.

"मनगट दाखव," म्हणत. "तोंड काय, काहीही सांगतं."

अशा माणसाच्या लेकीने याच बोटीवरचा पाणबुड्या पसंत केला. बातमी कळली तेव्हा काकांना पहिला प्रश्न पडला तो हा, की हे सगळं आपल्या नाकाखाली चाललं होतं, तर आपल्याला दिसलं कसं नाही? मुलगा चांगला होता, कामसू होता, निर्व्यसनी होता. त्यामुळे संशय आणखीच वाढला. पण लेकीचा हट्ट बापाच्या वरताण निघाला आणि लग्न झालं.

त्यानंतर एकाच माणसाशी दोन तऱ्हांनी वागायची कसरत सुरू झाली. घरी तो जावई. "या, बसा, पंखा लावू का?" बोटीवर तो हाताखालचा माणूस. "ऊठ, सिलिंडर तपास." तोही घरी बाबा म्हणे आणि बोटीवर काका. बोटीचा चालक, जो तोंडाचा फटकळ होता, म्हणे, "पायरीवर पाय ठेवला की यांचं नातं बदलतं. पाय घसरला तर मध्येच कोण पडेल, सासरा की साहेब?"

एक गोष्ट मात्र काकांनी कोणालाच सांगितली नव्हती. घड्याळं कंपनीची, ती सांभाळायचं काम काकांचं. या घड्याळात सावधगिरी कमीजास्त करता येते. जास्त सावध केलं की ते वेळ हात आखडून देतं आणि लवकर किंचाळतं. लग्न झालं त्याच आठवड्यात काकांनी जावयाच्या घड्याळाची सावधगिरी शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. इतरांची होती तिथेच राहिली. लेक दिलीय, यात कोणाचं काय वाईट झालं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

परिणाम असा झाला, की बरोबरीने उतरलेल्यांत जावई दर वेळी पहिला वर येऊ लागला. चालकाला विषयच मिळाला. "आले जावईबापू! सासऱ्याने पानं वाढली वाटतं!" बाकीचे खिदळत. जावई हसे, पण ते हसणं ओठांच्या आत जात नसे. काका ते पाहत आणि समुद्राकडे तोंड फिरवत.

मग एकदा लेक माहेरी आली असताना भांडी विसळता विसळता म्हणाली, "बाबा, बोटीवर काही झालंय का? हल्ली हा घरी आला की गप्प असतो. विचारलं तर म्हणतो, काही नाही."

काकांच्या मनात पाल चुकचुकली. पाणबुड्या गप्प होतो त्याचं कारण त्यांच्या अनुभवात एकच होतं. त्याला खोलाची भीती बसलेली असते आणि ती तो लपवत असतो. भीतीचं काही नाही, ती सांगून टाकली की माणसाला उथळावर काम देता येतं. लपवलेली भीती मात्र खाली नेऊन दगा देते. त्या दिवसापासून काकांचा एक डोळा जावयावरच राहिला.

अशात ते काम आलं. बंदराच्या तोंडाशी एक जुनी मालवाहू बोट बुडून उतारावर आडवी पडली होती. मागचं टोक बरंच खोल, पस्तीस मीटरच्या आसपास. मधला भाग त्याहून वर, आणि पुढचं टोक उथळ पाण्यात. ती उचलायला क्रेन येणार होती, आणि त्याआधी बंदर कार्यालयाला तिन्ही भागांचे फोटो हवे होते. एकाच दिवसात. माणसं दोन, जावई आणि फोटोवाला. हा फोटोवाला काडीसारखा लांब, सदा च्युइंगम चघळणारा प्राणी. त्याच्याविषयी काकांचं मत असं होतं की जो माणूस तोंड बंद करून चघळतो तो काहीतरी गिळतही असणार.

सकाळी डेकवर काकांनी बेत सांगितला. "आधी मागचं टोक. मग मधलं. मग पुढचं. उलट केलंत तर मी इथूनच घरी जाईन. जावई खाली तळाला जाऊन मापाची काठी सुकाणूला लावेल, तू वरच्या अंगाला राहून फोटो काढ. घड्याळ सांगेल तेव्हा वर. दोघांतलं ज्याचं आधी सांगेल, त्याच्याबरोबर दुसऱ्यानेही निघायचं. कळलं?"

"कळलं," दोघं म्हणाले.

"काय कळलं?"

"काका, तुम्ही लग्नात मंगलाष्टकंही दोनदा म्हणायला लावली होती का हो?" फोटोवाल्याने विचारलं.

"नाही," चालक म्हणाला, "पण नवऱ्याची मनगटं तपासली होती."

पहिली बुडी नीट पार पडली. निदान तशी दिसली. दोघं वर येऊन शिडीला लागले आणि नेमका त्याच क्षणी वायरलेस खरखरला. बंदर कार्यालयाचे साहेब. संध्याकाळपर्यंत फोटो मिळतील ना, क्रेनचं भाडं सुरू झालंय, उशीर झाला तर जबाबदारी कोणाची वगैरे. काका केबिनमध्ये अडकले. बाहेर आले तोवर दोघांनी घड्याळं काढून गोड्या पाण्याच्या टबात टाकली होती आणि अंगावर टॉवेल घेतले होते.

"तळापर्यंत गेलास?" काकांनी जावयाला विचारलं.

"सुकाणूला हात लावला."

मनगट पाहायचं राहिलं ते राहिलंच. इतक्या वर्षांत काकांनी तोंडी उत्तरावर काम भागवलं ते फक्त त्या दिवशी.

विसाव्यात काका दोघांना पाणी पाजत होते, सिलिंडर उचलू देत नव्हते, ऊन लागू देत नव्हते. दमछाक झाली की पाहुणे उधळतात, असं त्यांचं म्हणणं. पण मध्येच त्यांच्या लक्षात आलं, की दोघं टबापाशी डोक्याला डोकं लावून काही कुजबुजताहेत. फोटोवाला फिदीफिदी हसला. जावई नाही म्हणाला, मग हो म्हणाला. काका जवळ गेले तशी दोघांनी तोंडं मिटली.

"काय चाललंय?"

"काही नाही काका, क्रिकेट," फोटोवाला म्हणाला.

क्रिकेटवर जावई कधी बोलत नसे. काकांनी ते मनात टिपलं. यांचं काहीतरी संगनमत आहे. जावयाला खोल जायचं नसेल, आणि हा टोळभैरव त्याला झाकत असेल. झाकतो तो, बदनाम होतो सुपरवायझर, आणि रांडाव होते आपली पोर! शेवटच्या विचाराने त्यांचं त्यांनाच चर्र झालं.

दुसरी बुडी. दोघं मधल्या भागाकडे उतरले. काका कठड्याला. दोन जागी बुडबुडे फुटत होते, शेजारी शेजारी. काही वेळाने एक पुंजका सरकत नांगराच्या दोराकडे आला आणि तिथे थांबला. दुसरा जिथल्या तिथे.

"आला बघा जावई," चालक शिटी वाजवत म्हणाला. "वाढा पानं."

काकांनी डोळे बारीक केले. दोराजवळचे बुडबुडे लांब लांब अंतराने येत होते. जावई भराभर श्वास घेई. हा तो नव्हता. हा फोटोवाला होता. आज फोटोवाला आधी वर, आणि जावई मागे एकटा काम करतोय? हे कधी झालं नव्हतं. आधी निघेल त्याच्याबरोबर दुसऱ्याने निघायचं, हे ठरलेलंही धाब्यावर बसलं होतं. बऱ्याच वेळाने दुसरा पुंजका दोराकडे आला आणि थांब्याचा वेळ घेऊन दोघं एकदम वर आले.

"आधी का निघालास?" काकांनी फोटोवाल्याला शिडीवरच गाठलं.

"कॅमेऱ्याची बॅटरी गेली."

काकांनी हात पुढे करून कॅमेऱ्याचं बटण दाबलं. पडदा झगझगीत उजळला. फोटोवाल्याने च्युइंगम चघळायचं थांबवलं.

"मनगट दाखव," काका जावयाकडे वळले.

एरवी जावई कुरकुरत हात पुढे करी. आज त्याने झटक्यात केला. काकांना तेही आवडलं नाही. घड्याळ म्हणत होतं, भरपूर वेळ शिल्लक आहे, तिसरी बुडी खुशाल मारा. सवयीने काकांनी मागची नोंद पाहिली. सकाळची बुडी. त्यातली खोली तळाच्या खोलीहून चांगली आठ मीटर कमी होती.

"सुकाणूला हात लावलास म्हणालास."

"लावला."

"हे तर म्हणतंय तू वरच लटकत होतास."

जावयाचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "मी खोटं बोलतो?"

"तू नाही, मनगट बोलतंय. भीती वाटते तर सरळ सांग ना! लपवतोस कशाला? घरी गप्प, इथे कुजबुज. मला काय दिसत नाही?"

"भीती?" जावई एकदम भडकला. फोटोवाल्याच्या हातून त्याने कॅमेरा ओढून घेतला आणि फोटो मागे मागे नेत एक काकांच्या नाकासमोर धरला. "हा कोण आहे? तुमचे आजोबा?"

फोटोत हिरव्या पाण्यात सुकाणूचं पातं होतं, पात्याला मापाची काठी, आणि काठीला धरून गुडघे गाळात टेकलेला जावई. नि:संशय जावई. फोटो वरून काढलेला.

काका फोटोकडे पाहत राहिले, मग घड्याळाकडे. माणूस तळाला होता. घड्याळ तळाला नव्हतं. दोन्ही खरं असेल तर एकच गोष्ट उरते.

"हे घड्याळ सकाळी तुझ्या हातावर नव्हतंच," ते हळू म्हणाले. "बदललंत. टबातून काढताना बदललंत."

जावयाने घड्याळाचा हात मागे घेतला.

"अरे, बोला!"

"गंमत केली हो काका," फोटोवाला चाचरत म्हणाला. "एकच बोट, एकच पाणी, दोघं बरोबरच तर उतरलो. म्हटलं, घड्याळ म्हणजे घड्याळ. याचं सारखं आधी किंचाळतं, तर एकदा मी घालून बघतो. आणि खरंच, माझ्या हातावर लवकर किंचाळलं! म्हणून मला निघावं लागलं. याला खूण केली, चल, पण याचं म्हणत होतं वेळ आहे, तर हा थांबला."

"घड्याळ नाही रे किंचाळत, त्यातली बाकी किंचाळते!" काकांचा आवाज फाटला. "सकाळी तळाला हा गेला होता. याची बाकी तुझ्या मनगटावर बसली आणि तुझी हलकी बाकी याच्या. दुसऱ्याची नाडी पाहून याने स्वतःचं औषध घेतलं! तू जास्त सावध राहिलास, तुला काही व्हायचं नाही. हा त्या खोट्या आकड्यावर बसून राहिला. आणि आता तिसरीला चालला होता!"

"पण का केलं ते विचारा ना," जावई म्हणाला. त्याचा आवाज एकदम थंड झाला होता. "माझ्या घड्याळात तुम्ही काय करून ठेवलंय, ते मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला? लग्नाआधी मी सगळ्यांबरोबर वर येत होतो. लग्नानंतर एकाएकी कुकुलं बाळ झालो. रोज हसतात हे. घरी बायकोला काय सांगू, की तुझा बाप मला पाण्यात चिमटीत धरून ठेवतो? सांगितलं असतं तर केलं नसतं मी असं. पण तुम्ही चोरून केलंत, म्हणून मीही चोरून केलं."

चालकाने या वेळी शिटी वाजवली नाही.

काकांना हो म्हणायला वेळ लागला. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची मनगटं तपासली होती; स्वतःचं पुढे करायची वेळ आली नव्हती. "मीच केलं," ते म्हणाले. "लग्न झालं त्या आठवड्यात. पोरीसाठी केलं. सांगायला पाहिजे होतं."

जावयाने कॅमेरा खाली ठेवला. मग डावा हात उजव्या कोपरावर ठेवून म्हणाला, "मग माझंही ऐका. वर आल्यापासून हे कोपर ठणकतंय. तुम्ही विचारलं असतंत तर मी ठीक आहे म्हणणार होतो. तिसरी मारून मोकळं व्हावं म्हणून."

इतक्या वर्षांत काकांनी कुणाचं बोलणं इतक्या लवकर खरं मानलं नव्हतं. प्रतिप्रश्न नाही, उलटतपासणी नाही. "आडवा हो," एवढंच म्हणाले, आणि ऑक्सिजनचा मास्क त्याच्या तोंडावर बसवून त्यांनी सिलिंडरची चावी पूर्ण उघडली. फोटोवाल्याला पाणी पाजायला बसवलं. चालकाला म्हणाले, "नांगर काढ. सरळ किनारा."

"तिसऱ्या टोकाचे फोटो? कार्यालयाला काय सांगू?"

"सांग, सुपरवायझर चुकला. नाव माझंच सांग."

मोठ्या हॉस्पिटलमध्ये दाबाची खोली होती. लोखंडी पिंपासारखी, आडवी, तिला जाड काचेची एक खिडकी. माणसाला आत घालून पुन्हा खोल पाण्याइतका दाब द्यायचा आणि मग अगदी सावकाश उतरवायचा, म्हणजे अंगातले बुडबुडे विरघळून रीतसर बाहेर पडतात. डॉक्टरीणबाईंनी कोपर, पाय, डोळे, बोटं सगळं तपासलं आणि म्हणाल्या, "वेळेवर आणलंत. दुखणं लपवून पुन्हा खाली गेला असता तर प्रकरण कोपरावर भागलं नसतं. महिनाभर पाण्याचं नाव काढायचं नाही. त्यानंतरही माझ्याकडे येऊन दाखवायचं आणि मगच."

लेक आली ती धापा टाकत. काकांनी तिला सगळं सांगितलं, घड्याळाच्या सावधगिरीसकट. सांगताना त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

"म्हणजे तुम्ही त्याच्यावर पाळत ठेवलीत, त्याने तुम्हाला फसवलं, आणि मधल्या मध्ये मी घरी बसून विचारत होते, काय झालं, काय झालं," ती म्हणाली. "बाबा, तुमच्या संशयाला एक दिवस मीच पाण्यात बुडवीन."

"बुडव," काका म्हणाले. "पण फार खोल नको."

ती हसली नाही. खिडकीपाशी जाऊन नवऱ्याकडे पाहत उभी राहिली. त्याने आतून उजवा हात वर करून कोपर वाकवून, सरळ करून दाखवला. तिने मान हलवली, पुन्हा कर. त्याने पुन्हा केला.

तो बाहेर आला तेव्हा ऊन उतरलं होतं. काका बाकावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर जावयाचं घड्याळ होतं. त्याचंच, फोटोवाल्याकडून मागून घेतलेलं. सावधगिरीचं पान उघडून त्यांनी ते त्याच्यापुढे धरलं.

"कुठे ठेवायची ते तुम्ही ठरवा."

जावयाने घड्याळ घेतलं, आकडा खाली आणला. मग आपल्या कोपराकडे पाहून एक पायरी परत वर चढवला.

"इतरांपेक्षा एक पायरी जास्त ठेवतो. माझ्या मर्जीने."

"ठेवा," काका म्हणाले. राहवेना. "पण मी मधूनमधून बघणार हं."

"बघा की," जावई म्हणाला. "फक्त माझ्यासमोर बघा."